हातमोज्यांचा कप्पा आणि डोरोथी लेव्हिट

मोटारीत चालकाशेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर एक झाकणाचा कप्पा असतो. विम्याची कागदपत्रे, प्रदूषण तपासणीचा दाखला, डोकेदुखीच्या गोळ्या, कुठल्याशा हॉटेलातून उचललेल्या टूथपिकच्या पुड्या, एखादा बंद पडलेला टॉर्च असा सारा संसार त्यात सुखाने नांदत असतो. हातमोजे मात्र त्यात कुणीच ठेवत नाही. तरीही जगात अनेक ठिकाणी त्याला हातमोज्यांचा कप्पा, अर्थात 'ग्लव्ह बॉक्स' असेच म्हटले जाते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हातमोजे ही चालकाची चैन नव्हती, गरज होती. गाडीला छप्पर नसे, बहुधा समोर काचही नसे. थंडीपावसात सुकाणूचे चक्र उघड्या हाताने तासन्‌तास धरणे अवघड होते, आणि वाटेत यंत्र रुसले तर तेलकाजळीत हात घालण्यावाचून गत्यंतर नसे. त्या काळातील अशा एका छोट्या कप्प्याचे महत्त्व छापील पुस्तकातून वाचकांना, किंबहुना वाचक स्त्रियांना, समजावून सांगणारी बाई म्हणजे डोरोथी लेव्हिट. कप्पा तिने शोधला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आसनाखालची पेटी बग्ग्यांनाही असे. परंतु त्या पेटीत काय असावे आणि का असावे, हे तिने इतक्या नेमकेपणाने लिहिले, की पुढे त्या कप्प्याचा विषय निघाला की तिचे नाव निघू लागले.

डोरोथीचा जन्म ५ जानेवारी १८८२ रोजी लंडनच्या हॅकने भागात एका मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबात झाला. जन्मनाव एलिझाबेथ लेव्ही. लेव्हीचे लेव्हिट झाले ते इंग्रजी समाजात मिसळून जाण्यासाठी. एलिझाबेथची डोरोथी झाली, आणि पुढे वर्तमानपत्रांनी या डोरोथीला एक वेगळेच चरित्र बहाल केले. ती घोड्यांच्या संगतीत वाढलेली, शिकारीत तरबेज, सुखवस्तू घरातील मुलगी असल्याचे चित्र रंगवले गेले. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ती लंडनमधील नेपिअर या मोटार बनवणाऱ्या कारखान्यात कारकुनी काम करत होती. टंकलेखन, पत्रव्यवहार, फायली. त्या काळी नोकरी करणाऱ्या मुलीला एवढेच दार उघडे होते.

नेपिअरच्या गाड्या विकण्याचे काम ज्याच्याकडे होते तो सेल्विन एज हा मोठा हिकमती माणूस. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, सायकलशर्यतींतून मोटारशर्यतींत आलेला. १९०२ मध्ये त्याने नेपिअर गाडीवर गॉर्डन बेनेट चषक जिंकला आणि इंग्लंडची मोटार फ्रेंचांच्या तोडीस तोड असल्याचे दाखवून दिले. जाहिरातीचे मर्म त्याला उपजतच कळले होते. १९०१ च्या पॅरिस ते बर्लिन शर्यतीत कमील द्यू गास्त या फ्रेंच महिलेने भाग घेतला, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने तिच्याच नावाने भरले होते. इंग्लंडमध्ये अशी एखादी स्त्री चालक उभी करता आली, तर गाडीचे नाव घरोघरी पोहोचेल, आणि एक तरुण मुलगी जी गाडी चालवू शकते ती चालवायला सोपीच असणार, असे गिऱ्हाइकाला आपसूक वाटेल, हा त्याचा हिशेब. त्याची नजर कचेरीतील या उंच, देखण्या, विशीतल्या मुलीवर गेली.

हिशेब एजचा होता. पण शिकणे डोरोथीचे होते, आणि ते तिने मन लावून केले. कंपनीतील एका तरुणाने तिला गाडी चालवायला शिकवले. पुढे सुमारे सहा महिने ती पॅरिसला एका मोटार कारखान्यात राहिली आणि यंत्र सुटे करण्यापासून पुन्हा जोडण्यापर्यंत सारे शिकली. जाहिरातीसाठी नेमलेल्या मुलीने फोटोपुरते सुकाणूमागे बसले असते तरी एजचे काम भागले असते. कार्ब्युरेटरची सुई आणि कॉइलचे टोक साफ करायला शिकण्याची सक्ती तिच्यावर कुणी केलेली नव्हती.

१९०३ पासून तिचे नाव शर्यतींच्या वृत्तांतांत दिसू लागते. ग्लासगो ते लंडन हा प्रवास तिने ग्लॅडिएटर गाडीतून न थांबता केला. त्याच वर्षी साउथपोर्टच्या वेगचाचणीत आपल्या गटात ती पहिली आली. आयर्लंडमधील क्वीन्सटाउनच्या बंदरात त्या उन्हाळ्यात मोटारनौकांची पहिली हार्म्सवर्थ चषक स्पर्धा झाली. नेपिअरची नौका तीत विजयी ठरली आणि त्या नौकेशी डोरोथीचे नाव कायमचे जोडले गेले. चषकावर मात्र नाव कोरले गेले ते एजचे, कारण नौका त्याच्या मालकीची होती. तिच्या पुढील आयुष्यातही गाडी दुसऱ्याची, इंधन दुसऱ्याचे आणि जोखीम तेवढी तिची, असाच हा व्यवहार राहिला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हाइड पार्कमध्ये भरधाव गाडी हाकल्याबद्दल तिला न्यायालयात उभे राहावे लागले आणि पाच पौंड दंड झाला. पोलिसांनी अडवल्यावर तिने त्यांना जे सुनावले ते ऐकून न्यायाधीशांचे मत तिच्या बाजूने होण्याची शक्यता नव्हती. तुम्हा सगळ्यांना चिरडायला मला आवडेल, असा त्या उद्गारांचा एकूण आशय होता. रस्त्यावरच्या पोलिसाशी हुज्जत घालणाऱ्या आजच्या चालकांनी यातून काही प्रेरणा घेऊ नये.

तिच्या गाडीत एक सहप्रवासी कायम असे. डोडो नावाचा काळा पॉमेरेनियन कुत्रा. फ्रान्समधील एका मैत्रिणीने तो तिला भेट दिला होता. इंग्लंडमध्ये कुत्रा आणण्याचे नियम कडक, म्हणून त्याला गुंगीचे औषध देऊन गाडीच्या दुरुस्ती-साहित्याच्या पेटीत लपवून आणले गेले. मोटारीतील कप्प्यांचा याहून धाडसी उपयोग क्वचितच कुणी केला असेल. एका चाचणीत डोडोच्या भुंकण्याला कंटाळलेल्या पुरुष स्पर्धकांनी दुसऱ्या दिवशी आपापल्या गाड्यांच्या बॉनेटवर खेळण्यातले कुत्रे बांधून तिची चेष्टा केली. डोरोथीने त्या साऱ्यांना फीत बांधून कुत्र्यांची बिस्किटे पाठवून दिली आणि तो विषय संपला.

या गमतीजमतींआड तिचे खरे काम झाकले जाऊ नये. १९०४ मध्ये हेरफर्ड येथे लहान गाड्यांची एक हजार मैलांची चाचणी झाली. त्यात ती द दियाँ बूताँ या फ्रेंच बनावटीची आठ अश्वशक्तीची एक सिलिंडरची गाडी घेऊन उतरली. गाडीची देखभाल तिने स्वतःच केली. शेवटच्या दिवशी यंत्रातील बिघाडामुळे सुवर्णपदक हुकले नसते, तर इतिहासाला एक वेगळी नोंद करावी लागली असती. ही कसर तिने पुढच्या वर्षी भरून काढली. १९०५ च्या मार्चअखेरीस ती सकाळी सात वाजता लंडनहून निघाली आणि २०५ मैल, म्हणजे सुमारे ३३० किलोमीटर अंतर कापून संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लिव्हरपूलला पोहोचली. परतीचा प्रवासही तिने केला. बरोबर मेकॅनिक नव्हता. होते ते एक अधिकृत निरीक्षक, डोडो आणि एक छोटे रिव्हॉल्व्हर. त्या वेळी इंग्लंडमध्ये मोटारीला ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटरची कायदेशीर मर्यादा होती. तिच्या प्रवासाची सरासरी ताशी १८ मैलांहून थोडी अधिक भरते. धुळीचे कच्चे रस्ते, हवा भरायला हातपंप आणि वाटेत पेट्रोल मिळेलच याची शाश्वती नाही, अशा परिस्थितीत दिवसभर ही सरासरी टिकवणे म्हणजे गाडी जवळजवळ कुठेच न बिघडणे, किंवा बिघडल्यास झटपट सुधारणे. दोन्हींचे श्रेय चालकालाच जाते.

याच वर्षीच्या जुलैमध्ये ब्रायटनच्या समुद्रकाठच्या नव्याने डांबरी केलेल्या रस्त्यावर वेगाच्या शर्यती झाल्या. डोरोथी ८० अश्वशक्तीच्या नेपिअरवर होती. ताशी ७९.७५ मैल, म्हणजे १२८ किलोमीटर! स्त्री चालकांमध्ये तो विक्रम ठरला. १९०६ च्या जूनमध्ये शेल्सली वॉल्शच्या घाटचढणीत तिने महिलांचा जो विक्रम केला तो १९१३ पर्यंत अबाधित होता. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लॅकपूल येथे सहा सिलिंडरच्या नेपिअरवर तिने स्वतःचाच विक्रम मोडला. या वेळी वेग होता ताशी ९०.८८ मैल, म्हणजे १४६ किलोमीटर. त्या धावेत तिच्या गाडीच्या बॉनेटचा पुढचा भाग सैल झाला होता. वेळीच गाडी थांबवली नसती तर वाऱ्याच्या झोताने तो पत्रा मागे उलटून तिचा शिरच्छेदच व्हायचा, हे तिने आपल्या रोजनिशीत नोंदवले. ही नोंद तिने अत्यंत कोरडेपणाने केली आहे. लगेच पुढे कोणकोणते चषक मिळाले याची यादी येते. झाकण सैल असणे ही किरकोळ बाब आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवायला हरकत नाही.

१९०७ च्या जूनमध्ये वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स हा मोटारशर्यतींसाठी खास बांधलेला मार्ग खुला झाला. एजने तेथे एकट्याने चोवीस तास गाडी चालवून १,५८१ मैलांचे अंतर कापले आणि नेपिअरच्या कीर्तीवर कळस चढवला. डोरोथीनेही प्रवेशासाठी अर्ज केला. तो फेटाळण्यात आला. घोडदौडीच्या धर्तीवर नियम केलेल्या त्या संस्थेत स्त्रीला शर्यतीत स्थान नव्हते. आठ महिन्यांपूर्वीच ताशी ९० मैलांचा टप्पा ओलांडलेल्या चालकाला इंग्लंडमधील सर्वोत्तम मार्गाचे फाटक बंद झाले, तेही तिच्या कौशल्याबद्दल एक अक्षर न उच्चारता. एजच्या शब्दाला तेथे मोठे वजन होते, पण त्याचाही उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी त्या मार्गावर महिलांसाठी म्हणून एक स्वतंत्र शर्यत ठेवण्यात आली आणि म्युरिएल थॉम्प्सन हिने ती जिंकली. बक्षीस होते ब्रेसलेट. मग डोरोथीने युरोपची वाट धरली. जर्मनीत १९०७ च्या हर्कोमर स्पर्धेत आणि १९०८ च्या प्रिन्स हेन्री स्पर्धेत तिने नेपिअर गाड्या शेवटपर्यंत नेल्या, फ्रान्समध्ये गायाँच्या चढणीवर आपल्या गटात बाजी मारली. ज्या देशाच्या मोटार उद्योगाचे नाव ती परदेशात गाजवत होती, त्या देशाच्या सर्वोत्तम मार्गावर तिला शर्यत करता येत नव्हती.

१९०९ मध्ये तिचे पुस्तक आले. स्त्री आणि मोटार, एवढाच त्याचा मथळा, आणि पुढे गप्पा मारत सांगितलेली छोटी मार्गदर्शिका असे त्याचे विनम्र वर्णन. 'द ग्राफिक' या साप्ताहिकात ती मोटारीविषयी लिहीत असे; त्या लेखनाचीच ही परिणती. पुस्तकाची छायाचित्रे पाहण्यासारखी आहेत. अंगभर सैल झगा घातलेली डोरोथी बॉनेट उघडून आत हात घालून उभी आहे, इंधन तपासते आहे, हँडल फिरवते आहे. प्रत्येक कृती क्रमाने, जशी पाककृतीच्या पुस्तकात असावी तशी.

हँडल मारून यंत्र सुरू करताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल खाली दाबण्याऐवजी वर ओढावे, ही तिची सूचना मनगटे शाबूत राखणारी होती. यंत्राने उलटा झटका दिला तर मुठीत अडकलेला अंगठा किंवा हात मोडत असे. गाडी बंद पडली तर आधी काय पाहावे, पेट्रोल आहे की नाही, मग ठिणगी, मग इंधनाचा मार्ग, असा क्रम ती लावून देते. साध्या कारणापासून अवघड कारणाकडे जाण्याची ही शिस्त आहे. तपशील प्रथमदर्शनी भीतिदायक वाटतात, पण एकदा हाताळले की स्वयंपाकघरातल्या वस्तूंइतके ओळखीचे होतात, असा तिचा एकूण सूर. वेशभूषेबाबतही ती तितकीच परखड आहे. झालरी नकोत, लोकरी हातमोजे नकोत, कारण ते सुकाणूवरून घसरतात. चांगल्या मऊ कातड्याचे हवेत.

आणि मग येतो तो आसनाखालचा छोटा कप्पा. स्वच्छ हातमोज्यांचा जोड, जादा रुमाल, चेहऱ्यावरचा जाळीदार पडदा, पावडर, टाचण्या, थोडी चॉकलेटे आणि दांडा असलेला हातआरसा. पावडर कुणाला आवडत नसेल तर राहू द्यावी, हेही सांगायला ती विसरत नाही. हा आरसा केवळ केस सारखे करण्यासाठी नाही. निघण्यापूर्वी तो हाताशी ठेवावा आणि अधूनमधून वर धरून मागून काय येते आहे ते पाहावे, असे ती सुचवते. १९११ मध्ये इंडियानापोलिसच्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत रे हॅरून याने गाडीवर आरसा बसवला, आणि मागचे दाखवणाऱ्या आरशाचे श्रेय बहुधा त्यालाच दिले जाते. डोरोथीचे पुस्तक तोवर दोन वर्षे बाजारात होते. अर्थात, आरसा गाडीला पक्का जोडणे आणि तो हातात धरणे यांत फरक आहे. पण कल्पना तीच.

पुढे बंद मोटारी आल्या. घोडागाडीत टापांनी उडणारा चिखल अडवणारी फळी म्हणजे डॅशबोर्ड; तिचेच रूपांतर मोटारीतील उपकरणांच्या पट्टीत झाले, आणि आसनाखालचा कप्पा वर सरकून तेथे स्थिरावला. झाकण आधी लाकडी वा पत्र्याचे होते, मग प्लॅस्टिकचे झाले, त्यावर रेक्झिनसारखे आवरण चिकटवले जाऊ लागले. पुढील काचेतून येणारे ऊन वर्षानुवर्षे या भागावर पडते. आवरणाला मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू उडून जाते, ते आकसते, खालचा गोंद उष्णतेने सैल पडतो, आणि एके दिवशी कप्प्याच्या झाकणाचा कोपरा पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. बहुतेक जण तो बोटाने दाबतात, तो पुन्हा उचलतो, मग चिकटपट्टी येते. डोरोथीच्या पद्धतीने जायचे तर आधी कारण पाहावे लागेल. झाकण बिजागरीतून काढून टेबलावर घेणे, सुटलेले आवरण न फाडता आणखी थोडे मागे सोलणे, जुना वाळलेला गोंद दोन्ही बाजूंनी खरवडून काढणे आणि स्पिरिटने पुसणे, हे काम कंटाळवाणे आहे, पण टिकाऊपणा त्यातच आहे. मग दोन्ही पृष्ठांवर रबरी गोंदाचा पातळ थर देऊन तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे आणि मधून कडेकडे दाबत जायचे. चामड्याचे काम करणारे कारागीर हेच करतात. आवरण इतके आकसले असेल की कडेपर्यंत पोहोचतच नाही, तर ताणण्याच्या फंदात न पडता नवे आवरण घालणे श्रेयस्कर. झाकण परत बसवल्यावर कडी नीट लागते ना, ते शेवटी पाहायचे. चालत्या गाडीत उघडणारे झाकण म्हणजे काय, हे ब्लॅकपूलला दिसले होतेच.

पुस्तकाने डोरोथीला शर्यतींपेक्षा मोठा वाचकवर्ग दिला. अलेक्झांड्रा राणी आणि राजकन्यांना तिने मोटार चालवायला शिकवले असे त्या काळी सांगितले जाई. वेस्ट एंडमधील स्वतंत्र घर, नोकरचाकर, मासेमारी, पत्त्यांचा छंद असे तिचे वर्णन पुस्तकाच्या प्रास्ताविकात आहे. अविवाहित, स्वतःच्या कमाईवर जगणारी स्त्री ही त्या काळात नवलाई होती, आणि पुस्तकाने ती नवलाई आवर्जून विकली. याच सुमारास तिला आकाश खुणावू लागले. फ्रान्समध्ये शालाँ येथे ह्यूबर्ट लॅथम याच्या शाळेत ती विमान चालवण्याचे धडे घेऊ लागली. १९१० च्या मार्चमध्ये लंडनच्या क्रायटेरियन उपाहारगृहात तिने विमानविद्येच्या आपल्या अनुभवांवर भाषणही केले.

त्यानंतर मात्र तिचे नाव वर्तमानपत्रांतून नाहीसे होते. शर्यती नाहीत, लेख नाहीत, विमान नाही. नेपिअरची गरज बदलली होती. एजचा कंपनीशी वाद होऊन १९१२ मध्ये तो मोटारींच्या धंद्यातून काही वर्षांसाठी बाहेर पडला. एका माणसाच्या जाहिरातीच्या योजनेवर उभे राहिलेले आयुष्य ती योजना संपताच किती अधांतरी होते, याची कल्पना त्या कोऱ्या वर्षांवरून येते. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि शेकडो इंग्रज स्त्रिया रुग्णवाहिका व मालमोटारी चालवू लागल्या. म्युरिएल थॉम्प्सनने तर युद्धभूमीवर शौर्यपदक मिळवले. मोटार चालवणारी स्त्री ही आता बातमी राहिली नव्हती. तोवर डोरोथीच्या विक्रमांना आठ-दहा वर्षे लोटली होती.

१७ मे १९२२ रोजी लंडनच्या अप्पर बेकर स्ट्रीटवरील राहत्या खोलीत ती अंथरुणात मृतावस्थेत आढळली. वय अवघे ४० वर्षे. हृदयविकार आणि गोवर यांनी ती आजारी होती, आणि मृत्यूचे कारण मॉर्फिनची विषबाधा असे निघाले. चौकशीअंती तो अपघाती मृत्यू ठरवण्यात आला. ब्लॅकपूलच्या विक्रमाला तेव्हा सोळा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. तिच्या मागे राहिलेली मालमत्ता २२४ पौंडांची होती. ती तिच्या बहिणीकडे गेली.